अर्धशिशीची गोळी आणि दम्याचे दार

वाचकहो, दम्याच्या पंपाविषयी या सदरात काही लिहिले की पत्रांचा पाऊस पडतो, हा माझा नेहमीचा अनुभव. या वेळीही तसेच झाले. बहुतेकांची शंका तीच, ‘पंपाची सवय लागते का हो?’ (नाही लागत. हे आजवर किती वेळा लिहिले असेल, याची मोजदाद मीच सोडून दिली आहे.) एक पत्र मात्र वेगळे निघाले. आखीव कागदावर, फळ्यावर लिहावे तसे ठळक आणि सुबक अक्षर. खालची सही पाहिली आणि मी चपापलोच.

पत्र एका निवृत्त शिक्षिकेचे होते. त्यांचे नाव लिहीत नाही, ‘बाई’ एवढेच म्हणतो. सारे गाव त्यांना बाईच म्हणायचे. त्यांनी लिहिले होते, ‘डॉक्टर, ओळखलेत का? १९८९ च्या पावसाळ्यात तुमच्या गोळीने मी मरता मरता वाचले. त्या वेळी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. तुम्ही म्हणालात, वाचून सांगतो. अजून सांगितलेले नाही. आता दोघेही म्हातारे झालो, तेव्हा सांगून टाका.’

बाईंची तक्रार रास्त आहे. म्हणून आजचे सदर त्यांच्या प्रश्नासाठी.

मी नुकताच दवाखाना थाटला होता. बाई तेव्हा तिशीच्या आतल्या. अर्धशिशीने हैराण होत्या. महिन्यातून चार-पाच वेळा डोके उठायचे, उलट्या व्हायच्या, वर्ग सोडून घरी जावे लागायचे. मी त्यांना प्रोप्रॅनोलॉल नावाच्या गोळ्या लिहून दिल्या. अर्धशिशी वारंवार उठू नये म्हणून हे औषध आजही देतात. औषध चांगले आहे, त्याचा काही दोष नाही. मी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला. पण ‘लहानपणी कधी दम लागायचा का?’ एवढे विचारले नाही. बाईंना बाळदमा होता. वयात आल्यावर तो थांबला होता, त्यामुळे त्यांना सांगावेसे वाटले नाही. ते आपण होऊन सांगणे त्यांचे काम नव्हते. विचारणे माझे काम होते.

तिसऱ्या दिवशी रात्री अकराच्या सुमारास त्यांचे यजमान त्यांना दुधाच्या टेम्पोतून घेऊन आले. ओठ निळसर पडलेले, छातीत शिट्ट्या वाजत होत्या, एक वाक्य सलग बोलता येत नव्हते. मी ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन कातडीखाली दिले. त्या काळी खेड्यात दम्याच्या झटक्यावर आमचा तोच हुकमी एक्का होता, पाच-दहा मिनिटांत गुण यायचा. दहा मिनिटे गेली, पंधरा गेली, काही नाही. पुन्हा दिले. पुन्हा काही नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की या बाईंना आपणच दोन दिवस काय खायला घातले आहे. मग अमिनोफायलिन शिरेतून सावकाश, हायड्रोकॉर्टिझोन, प्राणवायू असे करत पहाटेपर्यंत रेटले आणि उजाडताच त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. चौथ्या दिवशी बाई घरी आल्या.

मी भेटायला गेलो आणि झाले ते खरे खरे सांगितले. म्हटले, ‘श्वासनळीत एक कुलूप असते. ॲड्रेनॅलिन ही त्याची किल्ली. ती लागली की श्वासनळी सैल होते. माझी गोळी त्याच कुलपात आधी जाऊन बसली होती, म्हणून इंजेक्शनला जागा मिळेना.’ बाई शिकवणाऱ्या, त्या अशा कशा सोडतील? म्हणाल्या, ‘कुलूप एकच, भोक एकच. दोन्ही किल्ल्या त्यात नीट बसतात. मग एकीने उघडते आणि दुसरीने उघडत नाही, असे का?’ मी म्हटले, ‘दुसरी बसते, पण फिरत नाही.’ ‘का फिरत नाही?’

इथे माझी गाडी अडली. आणि खरे सांगायचे तर १९८९ साली जगातल्या मोठ्या मोठ्या तज्ज्ञांचीही तिथेच अडली होती.

हे कुलूप म्हणजे काय, ते आधी पाहू. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती तेलकट पदार्थाचे एक पातळ आवरण असते. त्याला पेशीपटल म्हणतात. ते इतके पातळ असते की एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले जेमतेम पाच भाग भरतील. ॲड्रेनॅलिन पाण्यात विरघळणारे, ते या तेलकट भिंतीतून आत जाऊ शकत नाही. मग बाहेरचा निरोप आत पोहोचायचा कसा? त्यासाठी भिंतीत प्रथिनांचे रेणू आरपार बसवलेले असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात, मराठीत ग्राही. निरोप्या बाहेरच्या बाजूने ग्राहीच्या खोबणीत बसतो, ग्राहीचा आतला भाग हलतो, आणि आत टेकून बसलेले जी-प्रथिन नावाचे दुसरे प्रथिन जागे होऊन पुढची सूत्रे हलवते. निरोप्या स्वतः उंबरा ओलांडत नाही.

आपल्या शरीरात या घराण्यातले सुमारे आठशे ग्राही आहेत. वास, उजेड, भीती, वेदना, पोटातले आम्ल, हृदयाचे ठोके, साऱ्यांत त्यांचा हात असतो. आज बाजारात असलेल्या औषधांपैकी सुमारे एक तृतीयांश औषधे याच घराण्यावर काम करतात. त्यांपैकी श्वासनळीच्या स्नायूंवर असणारा ग्राही म्हणजे बीटा-दोन. तो ४१३ अमिनो आम्लांची माळ आहे आणि ती माळ पेशीपटलातून सात वेळा आरपार जाते. सात बांबू उभे करून सैलसर मोळी बांधावी, तसे त्याचे रूप. मोळीच्या वरच्या तोंडाशी औषधाची खोबण, खालच्या तोंडाशी जी-प्रथिनाची जागा.

अल्फा आणि बीटा असे दोन प्रकारचे ग्राही असावेत, हे रेमंड अल्क्विस्ट यांनी १९४८ साली मांडले, तेव्हा ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. पुढे जेम्स ब्लॅक यांनी त्याच कल्पनेवरून बीटा ग्राही अडवणारे प्रोप्रॅनोलॉल शोधले आणि १९८८ साली त्यांना नोबेल मिळाले. म्हणजे माझ्या त्या रात्रीच्या आदल्याच वर्षी. औषध होते, त्याला नोबेल मिळालेले होते, ते कुठे बसते तेही ठाऊक होते. पण कुलूप आतून दिसते कसे, हे कोणी पाहिलेले नव्हते.

ते दिसायला पुढे बरीच वर्षे लागली. रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि त्यांचे शिष्य ब्रायन कोबिल्का (दोघेही मूळचे आमच्यासारखे डॉक्टर, हे मला सांगायला आवडते) यांनी या ग्राहीचा पिच्छा सोडला नाही. प्रथिनाचे स्फटिक बनवून त्यावर क्ष-किरण सोडले की त्याची घडण समजते. परंतु तेलात राहणाऱ्या प्रथिनाचे स्फटिक बनवणे महाकर्मकठीण. २००७ साली बीटा-दोनची बंद अवस्थेतली घडण प्रथम दिसली. २०११ साली कोबिल्कांच्या गटाने ग्राही, औषध आणि जी-प्रथिन अशा तिघांचे एकत्र चित्र मिळवले. पुढच्या वर्षी, २०१२ साली, दोघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्या दोन चित्रांत एक गंमत होती. बंद ग्राही आणि उघडा ग्राही शेजारी ठेवून पाहिले, तर वरच्या खोबणीत फरक अगदी थोडा. खाली मात्र सहावा बांबू चांगला १४ अँगस्ट्रॉम बाहेर सरकलेला. रेणूंच्या जगात हे अंतर मोठे आहे. वर किंचित हालले, खाली एवढे उघडले! पण कसे? कारण ही चित्रे म्हणजे स्थिर छायाचित्रे. लग्नातल्या फोटोत वधू-वर पाटावर बसलेले दिसतात आणि पुढच्या फोटोत हार घालून उभे असतात. मधे काय झाले ते फोटोत नसते. स्फटिकात तर रेणू करकचून आवळलेलाच असतो. तो तिथे हलणार कुठून?

हलता रेणू पाहायचा तर एन.एम.आर. नावाचे तंत्र लागते. मराठीत अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन. ‘अणुकेंद्रीय’ शब्द ऐकून दचकू नका. याचा अणुबॉम्बशी किंवा किरणोत्साराशी काही संबंध नाही. दवाखान्यातला एम.आर.आय. हा याच तंत्राचा भाऊ. रोगी घाबरतात म्हणून त्याच्या नावातला ‘न्यूक्लिअर’ शब्द गाळला गेला, एवढेच. काही अणूंची केंद्रके इवल्याशा लोहचुंबकासारखी वागतात. त्यांना मोठ्या चुंबकात ठेवले आणि रेडिओ लहरी सोडल्या, की ती ठरावीक सुरात उत्तर देतात. एम.आर.आय.चा चुंबक बहुधा दीड किंवा तीन टेस्लाचा असतो; प्रथिनांच्या कामासाठी अठरा टेस्लांहून बलवान चुंबक वापरतात. त्याच्या तारा द्रवरूप हेलियममध्ये, शून्याखाली २६९ अंशांवर बुडवून ठेवाव्या लागतात. आणि एवढ्या अवाढव्य यंत्राच्या पोटात ठेवायचे काय, तर काचेच्या नळीत अर्धा मिलिलिटर पाणी आणि त्यात प्रथिन.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की केंद्रकाचा सूर त्याच्या शेजाऱ्यांवर अवलंबून असतो. हे ज्या प्रयोगात लख्ख दिसले, त्याची हकीकत आपल्यासाठी विशेष आहे. १९५१ साली अमेरिकेत आर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी साधे अल्कोहोल घेऊन पाहिले. त्याच्या रेणूत हायड्रोजनचे सहा अणू असतात. सूर एकच यायला हवा होता. आले तीन, आणि त्यांची तीव्रता तीनास दोनास एक अशा प्रमाणात. कारण तीन हायड्रोजन एका ठिकाणी, दोन दुसऱ्या, आणि एक ऑक्सिजनला चिकटलेला. घर बदलले की सूर बदलतो. यातले धर्मट्टी आपल्या देशातले. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एन.एम.आर.चे काम त्यांनीच उभे केले आणि प्रथिनांच्या अभ्यासासाठीची देशपातळीवरची यंत्रणाही त्या संस्थेत उभी राहिली.

आता तुम्ही म्हणाल, मग ग्राही ठेवा त्या चुंबकात आणि ऐका त्याचे सूर! तिथेच घोडे पेंड खाते. अल्कोहोलमध्ये हायड्रोजन सहा, ग्राहीत हजारो. जत्रेत हजारो माणसे एकदम बोलू लागली तर एकाचेही बोलणे कळत नाही, तसे. त्यात हा ग्राही तेलातला प्राणी. त्याला पाण्यात आणायचा तर साबणासारख्या द्रव्याने वेढावा लागतो. त्या वेढ्यासकट तो जड होतो, पाण्यात मंद गतीने फिरतो, आणि जितका मंद फिरेल तितका त्याचा सूर फाटतो. म्हणून लहान, पाण्यात सुखाने राहणाऱ्या प्रथिनांवर एन.एम.आर.ने उत्तम काम झाले, कुर्ट व्यूथ्रिख यांना त्यासाठी २००२ साली नोबेलही मिळाले, पण ग्राही मात्र बराच काळ हाताला लागेना.

यावर तोडगा निघाला तो समस्थानिकांचा. समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वजनाने वेगळे भाऊबंद. नेहमीचा कार्बन हा कार्बन-१२. तो एन.एम.आर.च्या दृष्टीने ठार मुका आहे. त्याचा एक न्यूट्रॉनने जड भाऊ कार्बन-१३ हा बोलका. निसर्गात शंभर कार्बन अणूंत तो जेमतेम एक सापडतो. तो तुमच्या-माझ्या शरीरातही आहे, भाकरीतही आहे. तो किरणोत्सारी नाही. किरणोत्सारी असतो तो कार्बन-१४. लोक हमखास या दोघांत गल्लत करतात. पोटातल्या जंतूंसाठी जी श्वासाची चाचणी करतात, तीत रोग्याला याच कार्बन-१३ चा युरिया पाजतात.

युक्ती अशी की सगळा ग्राही तसाच ठेवायचा आणि त्यातल्या एकाच जातीच्या अमिनो आम्लात मुक्या कार्बनच्या जागी बोलका कार्बन बसवायचा. त्यासाठी मेथिओनिन हे अमिनो आम्ल सोयीचे. ग्राहीच्या ४१३ मण्यांत मेथिओनिनचे मणी मोजकेच, आणि त्याच्या टोकाला असलेला मिथिल गट सैलपणे फिरत राहतो, म्हणून त्याचा सूर फाटत नाही. मग यंत्राला सांगता येते, की फक्त बोलक्या कार्बनला चिकटलेल्या हायड्रोजनांचेच ऐक. जत्रेतला गलका थांबत नाही. पण कर्णा हातात असलेल्या मूठभर लोकांचेच शब्द आपण टिपून घेतो.

हा बोलका कार्बन ग्राहीत बसवायचा कसा, तेही सांगतो, कारण शेतकरी वाचकांना ते ऐकून मौज वाटेल. माणसाचा हा ग्राही प्रयोगशाळेत बऱ्याचदा किड्याच्या पेशींत बनवतात. कोणता किडा? २०१८ पासून आपल्या मक्याचा फडशा पाडणारी अमेरिकन लष्करी अळी! तिच्या कोषातल्या अंडाशयाच्या पेशी कित्येक वर्षांपूर्वी काढून बाटलीत वाढवल्या गेल्या, त्यांचा वंश आजही चालू आहे. त्या पेशींना कीटकांच्या एका विषाणूमार्फत माणसाचे जनुक देतात आणि खाद्यातून साधे मेथिओनिन काढून बोलक्या कार्बनचे मेथिओनिन घालतात. पेशी बिचाऱ्या तेच वापरून ग्राही विणतात. जे खाईल ते अंगी लागेल, एवढाच त्यातला सिद्धांत. हे खाद्य महागडे असते, आणि शेवटी हाती येणारा ग्राही मिलिग्रॅमच्या हिशेबात. आमच्या शेताचा घास घेणारी अळी दम्याच्या औषधाचे कोडे सोडवायला कामी यावी, हे काही मला सुचले नसते.

दुसरी युक्ती फ्लोरिनची. आपल्या प्रथिनांत फ्लोरिन नसतेच. त्यामुळे ग्राहीच्या एखाद्या नेमक्या जागी फ्लोरिनचा गट चिकटवला, तर आलेला प्रत्येक सूर त्याच जागेचा. गलक्याचा प्रश्नच उरत नाही.

आता हे सूर वाचायचे कसे, तेवढे एकच समजून घ्या. छताचा पंखा हळू फिरत असला तर पाती वेगवेगळी दिसतात. जोरात फिरला तर एकच धूसर चकती दिसते. तसेच इथे. ग्राही दोन अवस्थांत हळू ये-जा करत असेल तर दोन सूर वेगळे ऐकू येतात आणि कोणता किती मोठा यावरून कोणत्या अवस्थेत किती रेणू आहेत ते कळते. ये-जा फार वेगाने होत असेल तर दोघांच्या मधला एकच सूर येतो, आणि तो ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला ग्राही जास्त वेळ काढतो.

२०१२ साली टोकियो विद्यापीठातल्या इचिओ शिमादा यांच्या गटाने खोबणीजवळच्या एका मेथिओनिनचा सूर असा ऐकला. ग्राही अडवणारे औषध घातले की सूर एका टोकाला. फॉर्मोटेरॉलसारखे पूर्ण जोराचे औषध घातले की दुसऱ्या टोकाकडे. आणि अर्धवट जोराची औषधे घातली की सूर मधे कुठेतरी, ज्याच्या त्याच्या ताकदीप्रमाणे. अर्धवट औषध कुलूप अर्धेच उघडते असे नव्हे; ते दार कमी वेळ उघडे राहू देते.

कोबिल्कांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली मेथिओनिन घेऊन आणि २०१५ साली सहाव्या बांबूच्या आतल्या टोकाला फ्लोरिन लावून याच्याही पुढचे पाहिले. औषध अडवणारे असले तरी ग्राही गप्प बसत नाही. बंद अवस्थेतही त्याची दोन रूपे असतात आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात तो एकातून दुसऱ्यात जातो. त्याहून नवलाचे म्हणजे उघडणारे औषध खोबणीत बसले तरी ग्राही पूर्ण उघडा राहत नाही. उलट त्याची डुलण्याची हौस वाढते. कधी बंद, कधी अर्धवट, मधूनच उघडा. आतून जी-प्रथिन येऊन टेकले (प्रयोगात त्याच्या जागी लामा नावाच्या उंटाच्या जातभाईच्या प्रतिपिंडाचा छोटा तुकडा वापरला होता) तरच तो पूर्ण उघड्या अवस्थेत स्थिरावतो.

तेव्हा कुलूप आणि किल्ली ही उपमा, जी मी बाईंना दिली आणि त्यानंतर कित्येक रोग्यांना दिली, ती अपुरी होती. कुलूप नव्हेच ते. ढिल्या बिजागरीचे दार आहे, आपल्या आपण वाऱ्यावर हलणारे. कोणी नसतानाही ते अधूनमधून किलकिले होतेच. औषध ते फिरवत नाही, औषध बिजागरीत पाचर बसवल्यासारखे काम करते. एक पाचर अशी की दाराचा कल उघडण्याकडे होतो. दुसरी अशी की तो मिटण्याकडे होतो. खोबण तीच, पाचरीच्या आकारात केसाइतका फरक. तेवढ्या फरकाने सात बांबूंचा तोल इकडचा तिकडे जातो.

‘का फिरत नाही?’ याचे उत्तर हे, बाई. किल्ली फिरवण्याचा प्रश्नच नव्हता. तुम्ही दिवसातून घेतलेल्या गोळ्यांनी तुमच्या श्वासनळीतल्या बहुतेक साऱ्या दारांचा कल मिटण्याकडे केला होता. निरोगी माणसाला त्याने काही होत नाही, त्याच्या श्वासनळ्या तशाही मोकळ्याच असतात. दमेकऱ्याच्या श्वासनळ्या मात्र शरीरातल्या थोड्याशा ॲड्रेनॅलिनच्या आधारावर उघड्या राहिलेल्या असतात. तो आधारच मी काढून घेतला. मग बाहेरून दिलेल्या ॲड्रेनॅलिनला बसायला खोबणी रिकाम्या सापडेनात. अमिनोफायलिन वाटेने आले ते वेगळ्याच, त्याला हे दार लागत नाही, म्हणून ते उपयोगी पडले. हे शेवटचे मला त्या रात्रीही ठाऊक होते, नाहीतर आज तुमचे पत्र आले नसते.

या अभ्यासाचा पुढे काय उपयोग, असे कोणी विचारेल. २०१२ साली व्यूथ्रिख यांच्यासह अमेरिकेतल्या एका गटाने फ्लोरिनच्याच युक्तीने दाखवले की सहावा आणि सातवा बांबू वेगवेगळ्या औषधांना वेगवेगळे हलतात. सहाव्याच्या हालण्याने जी-प्रथिन जागे होते. सातवा हलला की अरेस्टिन नावाचे दुसरे प्रथिन येऊन बसते, आणि ते ग्राहीला थोपवून पेशीच्या आत ओढून नेण्याची व्यवस्था करते. म्हणजे एकाच दाराला आतून दोन भाडेकरू. पहिल्याला बोलावणारे आणि दुसऱ्याला झोपू देणारे औषध बनवता आले, तर हवा तो गुण यावा आणि नको तो त्रास टळावा, अशी आशा आहे. वर्तमानपत्रांत याच्या बातम्या ‘दम्यावर आता रामबाण’ अशा थाटात येतात, त्या वाचून माझ्याकडे विचारायला येऊ नका. एन.एम.आर.च्या नळीत साबणाच्या वेढ्यात असलेला ग्राही म्हणजे माणसाच्या छातीतला ग्राही नव्हे, मधे लांबचा पल्ला आहे. माझ्या औषधांच्या कपाटात तरी असे नवे औषध अजून आलेले नाही.

पण हातातल्या औषधांकडे पाहण्याची माझी नजर या अभ्यासाने बदलली. पूर्वी मी ‘बीटा ब्लॉकर’ म्हणजे हृदयाचे औषध, असे समजून मोकळा व्हायचो. आता दारे आठवतात. हृदयावर बीटा-एक जास्त, श्वासनळीत बीटा-दोन. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल ही औषधे मुख्यतः बीटा-एकच्या खोबणीत बसतात, म्हणून दमेकऱ्याला हृदयविकार झाला तर तज्ज्ञ डॉक्टर ती जपून वापरतात. तरी मात्रा वाढली की त्यांचीही निवड ढळते. प्रोप्रॅनोलॉलला असली निवड नाहीच. ज्यांना दमा आहे, किंवा लहानपणी होता, त्यांनी रक्तदाब, अर्धशिशी, हातांचा कंप, धडधड यांपैकी कशासाठीही औषध घेताना ते डॉक्टरांना आधी सांगावे. हा लेख वाचून चालू गोळी मात्र मनाने एकदम बंद करू नये. हृदयाच्या रोग्याने ही गोळी अचानक सोडली तर छातीत दुखू लागण्याचा, क्वचित झटक्याचाही धोका असतो. गोळीचे पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जावे.

आणि थेंब. हे सांगायचे राहून जाते. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब देतात, तेही याच कुळातले. डोळ्यात घातलेला थेंब अश्रूंच्या वाटेने नाकात आणि तिथून रक्तात जातो. मागच्या हिवाळ्यात सत्तरीचे एक गृहस्थ माझ्याकडे येत होते. जुना दमा, पंप नियमित, तरी रात्रीची छाती भरायची. दोनदा औषध बदलले, गुण नाही. तिसऱ्या खेपेला मी म्हटले, घरातली सगळी औषधे पिशवीत घालून आणा. पिशवीत थेंबांची बाटली निघाली. ‘हे सांगितले का नाहीत?’ म्हणून विचारले, तर म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, ते डोळ्याचे आहे. छातीचे तुम्ही विचारत होतात.’ मी त्यांच्या नेत्रतज्ज्ञांना चिठ्ठी दिली, त्यांनी थेंब बदलून दुसऱ्या जातीचे दिले, आणि पंधरवड्याने ते गृहस्थ आले तेव्हा रात्री पंपाला हात लावावा लागत नव्हता.